आत्याचे मत

भाऊबीज, मंचर, १९९८

काल पुन्हा तसलीच कादंबरी संपवली. दिवाळीला गावी आलेला नायक, पणत्या लावणारी गरीब पोर, शेवटी लग्नाला अख्खं गाव. त्या गावात कुणी जात विचारत नाही, ऐन दिवाळीत भातही कापत नाही. खोटं आहे हे कळतं, तरी घरी आलेल्या भाचीसमोरच रडले.

आज दादाकडे ओवाळायला गेले. भाचीला डोंगरातल्या तळेघरचा, दुसऱ्या जातीचा मुलगा पसंत आहे. दादानं माझं मत विचारलं. मी म्हणाले, "तिथं एसटी तरी धड जाते का?" एसटीच का? जात काढायची लाज वाटली म्हणून?

भाची म्हणाली, "आत्या, काल पुस्तकातल्या पोरीसाठी एवढी रडलीस की!"

दादा तिला म्हणाला, "बघ, शिकलेली आत्यासुद्धा नको म्हणते." विषय तिथंच मिटला. त्यानं ताटात भारी साडी ठेवली. मी घेतली. रंगही आवडला.