ओसरीतली खाट

विमलताई,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तिकडं दिग्रसले तू रडत बसशील.

बैलबंडीवरून पडून पाठीचा मणका गेला, तवापासून मी मधल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. नुसतं तोंड धुतलं तरी अंगातलं सारं बळ सरे. तुले फोनवर 'बरा आहो' म्हणे, पण मले जगावंसंच वाटत नव्हतं.

औंदा कापसाले भाव नव्हता. तुह्या भावजयीनं, मथुरानं कापूस विकला नाही, मधल्या खोलीत छतापावतर भरला, अन् माही खाट ओसरीत काढली. मी लय चिडलो. तिच्यासंग बोलणंच सोडलं.

पण ओसरीत येणारे-जाणारे थांबतात, तंबाखू मागतात. सकाळी मी टेकून बसतो, तूर निवडतो. दुपारी अंग गळून जाते, मंग झोपतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आळस नाही, या दुखण्यातच असा थकवा येतो." तवापासून झोपायची लाज वाटत नाही.

काल थोडा भाव चढला अन् कापूस गेला. मथुरा म्हणे, "खोली मोकळी झाली. खाट आत घेऊ काय?"

म्या म्हटलं, "तिथं तूर भर."

तुहा भाऊ,
उकंडा