आईच्या नावाची घागर

९ मे १९५४, रविवार. धुळे.
आणि वर म्हणे प्रेमानं सांगतो. प्रेमानं सांगायचं होतं तर घरी यायचं होतं. भरल्या उपासनेत मंडळीचे पंच दानिएलनाना उभे राहिले. मार्थाबाईनं, म्हणजे मी, दारात मूर्तिपूजा मांडली म्हणाले. घागर मंडळीसमोर स्वतःच्या हातानं फोडेपर्यंत प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस बंद, मागं दाराशी बसायचं. बोर्डिंगच्या पोरी माना वळवून बघत होत्या. रोज माझ्या हातची भाकरी खातात त्या.
पाळकसाहेब खाली बघत बसले. मला त्यांचाच जास्त राग आहे.
नानांच्या स्वतःच्या म्हशीच्या गळ्यात काळा दोरा आहे, दृष्ट लागू नये म्हणून. मागे विचारलं तर म्हणाले, म्हशीचा बाप्तिस्मा झालेला नाही.

१० मे
काय झालं ते लिहून ठेवते. उद्या कोणी वेगळं सांगेल.
आई माझ्याकडं राहिली शेवटी, पण प्रभूकडं आली नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, समोरच्या गंगूअक्काच्या ओसरीवर जाऊन बाबांच्या आणि माझ्या भावाच्या नावानं घागर भरायची. भरली की मेलेल्यांना वर्षभराचं पाणी पोचतं म्हणायची. मी हसायची. नाताळाआधी अंथरुणाला खिळली, नाताळातच गेली. जाताना एकच बोलली, "मनी घागर कोन भरी?" माझी घागर कोण भरणार, हाच घोर. मी म्हटलं, आई, गप पड. तेच माझं शेवटचं.
आखाजीच्या सकाळी मी नवी घागर आणली, भरली, दाराबाहेर लिंबाखाली ठेवली. ना हळद ना नैवेद्य. नावसुद्धा तोंडानं घेतलं नाही. रस्त्यानं जाणारे पितील म्हटलं.
बोर्डिंगातून आले तर घागरीवर कुंकवाची बोटं ओढलेली, वर खरबूज. गंगूअक्का. विचारलं तर म्हणाली, "तू लाजी ऱ्हायनी व्हती, मी पुरं करी दिधं."
तेवढ्यात नाना रस्त्यानं.

१२ मे
ऊन फार. दुपारी कौलं तडकतात.
अजून एक गोष्ट आहे, ती नानांना सांगायची नाही.
आई पाणी घ्यायची तेव्हा हातातला चांदीचा गोट माठाला लागायचा. टक्. ती गेल्यावर गोट काढून मी पेटीत ठेवला. तरी दुपारी भाकऱ्या आटपून आडवी झाले की घरातल्या माठाला टक् व्हायचं. थांबून पुन्हा टक्. नाताळापासून रोज. उठून बघावं तर कोणी नाही. पेटी उघडून बघावी तर गोट तिथंच.
आखाजीपासून आवाज बंद आहे.
प्रार्थना करून बंद झाला नव्हता तो. पाणी ठेवल्यावर झाला. आता मी काय समजायचं

१६ मे, रविवार
दाराशी बसले. गीतांचं पुस्तक माझ्यापर्यंत आलं नाही, दानाची पिशवी मात्र आली.
प्रवचन कृपेवर. आपण आज्ञा पाळून तरत नाही, कृपेनं तरतो, नियमाचं ओझं प्रभूनं उचललं. बारा वर्षं हेच ऐकते आहे. मग मला बाहेर बसवलं ते कुठल्या नियमानं. इतरांना कृपा आणि मार्थाला नियम, असं का.
आणि आज्ञाच काढायच्या तर आईबापाचा मान राख हीसुद्धा आज्ञाच आहे. आई मेली की ती संपते असं कुठं लिहिलंय. मी बायकांच्या वर्गात अक्षरं जुळवून जुळवून वाचायला शिकले, पण तेवढं वाचलंय.

१९ मे
पाळकसाहेब आले. एकटेच, नाना नाहीत. चहा दिला, प्यायले.
मी जे मनात होतं ते सगळं बोलले. ते म्हणाले, कृपा म्हणजे मोकाट सुटणं नव्हे. चाकर मजुरीसाठी हुकूम पाळतो. लेक आधीच घरची असते, ती प्रेमानं पाळते. फरक एवढाच.
मी म्हटलं, मग मी लेकीसारखंच पाणी ठेवलं.
त्यांनी दाराबाहेर घागरीकडं बघितलं. मग म्हणाले, पाणी ठेवणं पाप नाही, हे मी नानांना सांगेन. पण कुंकू पुसलं नाहीत, ते का?
पुसायला गेले होते. ओलं फडकं हातात घेतलं होतं. पण आईचं कपाळ बाबा गेल्यापासून मोकळं होतं, आणि त्या लाल बोटांकडं बघून हात पुढं गेला नाही. हे देवापुढं कबूल आहे. देव मानून ठेवलं नाही. पण ठेवलं.
उठताना म्हणाले, घागर निदान आत घ्या. मंडळी थंडावेल.

२० मे
घागर आत घेतली. ओतून पालथी घातली. कुंकू तसंच. फोडली नाही.
गंगूअक्का दारातून बघत होती. "तुना देव पानीले बी नही म्हनस का?" म्हटलं, देव नाही, नाना म्हणतात. हसली. पण घरात आली नाही.

२१ मे
दुपारी आवाज आला.
भरल्या माठाचा वेगळा असतो. हा रिकाम्याचा.

२३ मे, रविवार
दाराशीच बसले. डोकं दुखतंय. आईला मूठमाती दिली त्यानंतरच्या रविवारी पाळकसाहेबांनी त्या श्रीमंत माणसावर प्रवचन केलं होतं, तो आगीतून म्हणतो कोणीतरी बोट बुडवून माझ्या जिभेला लावा, आणि वरून उत्तर येतं की मधे मोठी दरी आहे. तेव्हापासून माझ्या डोक्यात तो माणूस नाही. आई आहे. तोंड उघडून.

२६ मे
आवाज रोज. काल भाकरी करपली, पहिल्यांदा. पोरींनी मुकाट्यानं खाल्ली.
पालथी घागर सरळ करायला गेले, केली नाही. ती भरली आणि आवाज थांबला तर आई तहानलेली आहे हे खरं ठरेल. फोडली आणि आवाज थांबला नाही तर

३० मे, रविवार
उपासनेनंतर नाना दाराशी आले. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, बाई, घागर घेऊन या, आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतो आहोत. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. वाईट माणूस नाही. म्हणूनच चीड येते.

१ जून
पाळकसाहेबांच्या घरी गेले. पायरीवरच बसले, आत या म्हणाले तरी.
म्हटलं, कुंकवाचं पाप माझं. त्याची शिक्षा द्या, दाराशी वर्षभर बसेन. पण घागर फोडायच्या आधी मला एक सांगा. माझी आई जिथं आहे तिथं कृपा पोचते का? आज्ञा मोडणाऱ्या मला पोचते, तुम्ही दर रविवारी सांगता. जिनं आज्ञा कधी ऐकलीच नाही तिला?
ते म्हणाले, मार्थाबाई, हे आपल्याला दिलेलं नाही.
मी म्हटलं, तुमचे वडीलही हिंदूच गेले. तुम्ही नाही विचारत?
पाळकीणबाई आत भांडी घासत होती, ती थांबली.
मग पाळकसाहेब म्हणाले, "मी विचारत नाही."
म्हटलं, मी विचारते. मला हो किंवा नाही पाहिजे. दिलेलं नसेल तर मागून घ्या, गुडघे तुमच्याकडेही आहेत. शनिवारी दिवे लागायच्या आत सांगा. घागर मी सरळ करून दारात ठेवते, रिकामी. हो म्हणालात तर ती रविवारी मंडळीत येऊन फुटेल, नाही म्हणालात तर भरून लिंबाखाली जाईल.
आणि प्रभू, हे तुलाही सांगते आहे. शनिवार.