तिच्या जागी कोण?

२ फेब्रुवारी, रविवार

ती यानात आली कशी? सकाळपासून कात्री मंडळात, म्हणजे सिनेमे कापून नव्याने जोडणाऱ्या आमच्या ऑनलाइन गटात, हीच मारामारी.

दुसऱ्या भागाच्या शेवटी ती त्या ओसाड चंद्रावरच्या तळावर एकटी आहे. राखणदारीण. बदलीचा माणूस आल्याशिवाय तळ सोडायचा नाही असा हुकूम. तो बदलीवाला रेडिओवर सारखा सांगतो, 'निघालोय, वाटेत आहे.' येत कधीच नाही. आणि तिसरा भाग उघडतो तर बाईसाहेब घरी चाललेल्या यानात खिडकीशी खुशाल बसलेल्या! कुणी सोडलं तिला? तिच्या जागी कोण आलं? अख्ख्या सिनेमात त्यावर चकार शब्द नाही.

काटेकोर (तिथं सगळे टोपणनावांनीच) म्हणाला, सरळ चूक आहे, दिग्दर्शक विसरला. धूमकेतू (महिन्यातून एकदा उगवतो, म्हणून हे नाव) म्हणाला, "पळाली हो ती! मीपण पळालो असतो."

"तळ उघडा टाकून? ती तसली नाही," मी लिहिलं.

"ताई, तुम्ही तिचं फार मनाला लावून घेता."

घेते.

मीच जोडणार आहे तो सांधा. मंडळाचा नियम एकच – बाहेरचं एकही दृश्य घ्यायचं नाही. जे काही करायचं ते त्या तीन सिनेमांत असलेल्यातूनच. कापा, पुढंमागं करा, उलटं लावा, पण नवीन काही आणायचं नाही. आवाजाचं एखादं ठिगळ चालतं. लोकांना हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. वाटू दे. फोटोवाल्यासाठी लग्नांचे व्हिडिओ जोडून पोट भरतं, हे जोडून मी भरते.

संध्याकाळी दादाचा फोन. आईला आता फक्त उजेड-अंधार कळतो, म्हणून तो नुसता आवाजाचाच फोन करतो. "तिला दिसत नाही तर मला बघून काय करणार?" तिकडे परदेशात तेव्हा सकाळ असते. आजही म्हणाला, नुकताच उठलोय. मार्चच्या सुरुवातीला नक्की येतो म्हणाला. नक्की! वहिनीसुद्धा येणार. कायमचे.

मी स्टुडिओवाल्या बाईंना कळवलं, पंधरा मार्चला रुजू होते. दुसरं शहर. खरी नोकरी. खरे सिनेमे. माझी मागची जोडणी बघून त्यांनी आपणहून विचारलंय, अजून खरं वाटत नाही.

५ फेब्रुवारी

कचऱ्याच्या गाडीचा भोंगा बिघडलाय. गाण्याच्या दोन ओळी नीट वाजतात, मग एका सुरावर अडकून टिं-टिं-टिं करतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

"उचकी लागलीय तिला," आई खिडकीतून म्हणाली. "अहो भाऊ, कोण एवढी आठवण काढतंय तुमच्या गाडीची?"

गाडीवाला हसला. "सगळंच गाव काढतंय, आजी! सकाळी तुमच्याकडे शिव्या, संध्याकाळी पुलापलीकडच्या नव्या इमारतींत शिव्या. एकच गाडी उरलीय, बाकीच्या दुरुस्तीला."

दिवसभर आई ती उचकी तोंडाने वाजवत होती. बघता येत नाही तर कानांचं असं झालंय तिचं – काही सुटत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. ते दोघं बोलत असले की मी गॅलरीत जाते. तेवढाच माझा आठवड्याचा फेरफटका – कुंडीपासून कठड्यापर्यंत.

शेजारच्या काकू कठड्यावरून, "कुठं दिसत नाहीस हल्ली?" दिसणार कुठून? आईने मागे गॅसवर हात भाजून घेतला तेव्हापासून घर सोडायचं म्हणजे कुणाला तरी बसवून जायचं. कुणाला? काकूंना विचारलं की त्यांचे गुडघे दुखायला लागतात.

१० फेब्रुवारी

दादाचे फोन माझ्या मोबाइलवर आपोआप साठतात. आई ते आठवडाभर पुन्हा पुन्हा ऐकते – जेवताना, पडल्यावर. पाठ होईस्तोवर. आज म्हणाली, "शेवटचं तेवढं कापून टाक गं. बोलणं संपल्यावर नुसता गोंगाट आहे. कान किटतात."

संगणकावर घेतलं, आवाजाचा आलेख बघूनच कापलं. बोलणं संपल्यावर रेषेला पिंजारलेलं शेपूट होतं, ते उडवलं. ऐकलंसुद्धा नाही. कशाला ऐकायचं? लग्नांच्या व्हिडिओत असली शेपटं मी डोळे मिटून उडवते.

"झालं?"

"झालं."

"तू हुशार आहेस," आई म्हणाली. आईच्या तोंडून हे! तारीख लिहून ठेवावी म्हणून लिहिलं.

१४ फेब्रुवारी

आज आईने कमाल केली!

मी रेडिओचा प्रसंग लावला होता. बदलीवाला खरखरीतून बोलतोय, 'निघालोय, वाटेत आहे.' आई वाटाणे सोलत बसली होती. म्हणाली, "हा कुठला वाटेत? हा तिच्याच खोलीत बसलाय."

"काहीतरीच. लाखो मैलांवर आहे तो."

"असेल तुझ्या सिनेमात. खरखर वरून घातलीय. खाली तोच पंखा घुंईं करतोय, जो ती बोलताना करतो. ऐक की जरा! नुसतं बघत बसतेस."

मी खरखर पुसून पाहिली. खरंच! तळावरचं यंत्र घुमतं तीच घुमघुम, मध्ये तोच बारीक खडखड. प्रत्येक खोलीची आपली एक शांतता असते, कुणी बोलत नसताना ऐकू येणारी. दोघांची शांतता एकच. उघड आहे, त्या नटाचा आवाज त्याच सेटवर घेतला असणार. चूक. पण काय चूक!

मंडळात टाकलं. नुसता धुरळा.

काटेकोर: "तांत्रिक चूक. कथेशी संबंध नाही."

मी: "पडद्यावर जे आहे ते सगळं कथेतच धरायचं. नियम तुमचाच."

धूमकेतू (पुन्हा उगवला, म्हणजे बघा!): "म्हणजे बदलीवाला कधीचाच तळावर पोचलाय आणि लपून 'वाटेत आहे, वाटेत आहे' म्हणतोय? कारण पुढं आला तर तळ त्याला सांभाळावा लागेल? काय नालायक माणूस!"

शेवटी काटेकोरने लिहिलं, "ताई, सांधा सापडला तुम्हाला."

आईला सांगितलं, तुझं नाव शेवटी टाकणार. म्हणाली, "मला काय दिसणारे ते?" मग थोड्या वेळाने – "मोठ्या अक्षरात टाक."

१६ फेब्रुवारी, रविवार

दादा म्हणाला, तिकिटं बघतोय.

२३ फेब्रुवारी, रविवार

साहेब सुट्टी देत नाही म्हणतो. मार्च नाही, आता मे. "मे म्हणजे मे! तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे गं."

मी म्हटलं, "माझी नोकरी?"

"अगं, घरी बसून करता येत नाही का ते? हल्ली सगळं घरूनच करतात."

फोन आईकडे दिला. बाथरूमचा नळ सोडून बसले. बाहेर आले तर आई फोन मांडीवर ठेवून बसलेली.

"काय म्हणाला?"

"काही नाही. जपून राहा म्हणाला."

रागही धड येत नाही. कुणावर काढू? तो लांब आहे, कामाचा आहे. आई म्हातारी आहे. मी आपली मध्ये आहे.

२५ फेब्रुवारी

भाजी, आईची आंघोळ, थेंब डोळ्यांत, थेंब डोळ्यांत, एका लग्नाचा व्हिडिओ. नवरी सारखी दाराकडे बघत होती. तेवढं कापलं.

१ मार्च

स्टुडिओवाल्या बाईंचा निरोप – 'राहायची सोय झालीय. खोली लहान आहे, पण खिडकी पूर्वेला. येताय ना?'

उत्तर दिलं नाही. ती पूर्वेची खिडकी मात्र दिवसभर डोळ्यांसमोर.

६ मार्च

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

माझ्या जोडणीत राखणदारीण लपलेल्या बदलीवाल्याचं दार उघडते, तिथे मला साध्या खोलीची शांतता हवी होती, सांध्याला ठिगळ म्हणून. टाकाऊ तुकडे मी एका फोल्डरमध्ये ठेवते, पुसत नाही. जुनी खोड. चाळता चाळता दादाच्या फोनचं ते शेपूट सापडलं, आईने कापायला लावलेलं. म्हटलं, घरातली शांतता मिळेल यात. लावलं.

'ठेवतो गं आई, जप.' मग तो फोन बंद करायला विसरलेला. खुर्ची सरकली. मग लांबून – दोन ओळी, आणि टिं-टिं-टिं. पुन्हा पहिल्यापासून. दोन ओळी, टिं-टिं-टिं.

आणि वहिनी, अगदी जवळून – "अहो, गाडी आली! डबा खाली न्या!"

आणि दादा – "हळू बोल की!"

पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. आमच्याकडे गाडी सकाळी येते. हा फोन संध्याकाळचा. जगात दुसऱ्या कुठल्या गाडीला तीच उचकी, त्याच सुरावर?

तो इथे आहे. पुलापलीकडे. लाखो मैल नाही – रिक्षाने जाण्याएवढा. आणि तोंडाने म्हणतोय, नुकताच उठलोय!

धूमकेतूचा शब्द आठवला – नालायक. हसू आलं, मग रडू. तोंडात पदर नाही, टॉवेल कोंबला. आई पलीकडेच होती, तिचे कान!

७ मार्च

ठरलं. आईला सांगायचं नाही.

दिवसभर तिच्याकडे बघत होते. ती दादाचा फोन ऐकत होती, माझ्याच हातचा, स्वच्छ कापलेला, शेपूट नसलेला. ओठांनी त्याच्या बरोबर बोलत होती. 'ठेवतो गं आई, जप.' मान हलवते तिथे, दर वेळी.

हे तिच्यापासून काढून घेऊ? तिच्याकडे बघायला डोळे नाहीत, हा आवाज तेवढा आहे. मुलगा लांब आहे, म्हणून येत नाही – यावर ती उभी आहे. मुलगा पुलापलीकडे आहे आणि येत नाही – यावर कोण उभं राहील?

दादाशी भांडले तरी तिला कळणारच. या घरात भिंतीला नाहीत एवढे कान तिला आहेत. म्हणजे न भांडता राहायचं. मेपर्यंत. मग पुढच्या मेपर्यंत. आता तर मला माहीतसुद्धा आहे, आणि तरी दार उघडत नाही. आधी बरी होते.

मंडळात लिहिलं, जोडणी थांबवतेय. काटेकोरने विचारलं, "का हो ताई? सांधा तर सापडला होता."

सापडलाय. पण तिला कळलं तरी ती तळ सोडेल कशी? तळावर माणूस आहे.

८ मार्च

संध्याकाळी स्टुडिओवाल्या बाईंना फोन लावला. गॅलरीत उभी राहून, हळू आवाजात. "मला नाही जमणार," म्हणाले. त्या म्हणाल्या, सोमवारपर्यंत जागा ठेवते, विचार करा. मी म्हटलं, विचार झालाय.

वळले तर आई दारात. चौकट धरून एवढं एकटी चालत आलेली.

"खोटं सांगितलंस त्यांना."

"आई, तू आत हो, पडशील."

"ती गाडी तिकडे संध्याकाळी येते," आई म्हणाली.

मी हातातला फोन कठड्यावर ठेवला.

"मी कापायला लावलं ते. तू ऐकलं असतंस तर गेली असतीस." चौकटीवर तिची बोटं चाचपडत होती. "मला वाटलं, राहशील. राहिलीस. आता तुझा हा पडलेला आवाज ऐकवत नाही मला."

मग मान वर करून, अगदी नेहमीच्या कटकट्या सुरात – "उद्या रविवार. त्याचा फोन यायच्या आधी रिक्षा बोलाव. इमारत नाही माहीत, पण उचकी ऐकू येईल. गाडीच्या मागेमागे जाऊ. डबा खाली न्यायला तो येईलच. माझी बॅग भर."