रिकामे म्हणून सील झालेल्या गोदामातील मांजरे व एक इसम यांजबाबत

प्रति,
मा. सहायक निबंधक साहेब,
सहकारी संस्था, तालुका कार्यालय,
जिल्हा बीड.

अर्जदार : आश्रुबा मारुती सरवदे, सेवानिवृत्त गटसचिव, वय ६६,
रा. मौजे बोरखडवाडी.
हल्ली मुक्काम : अवसायनात निघालेल्या सेवा सोसायटीचे खत गोदाम, आतील बाजू.

विषय : गोदामाचे सील काढून दार उघडून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या आदेशावरून दि. ८ फेब्रुवारी २०१३ रोजी झालेला सील पंचनामा, ज्यात "हाक मारली, ओ आली नाही, सबब गोदाम रिकामे" असे नमूद आहे.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय कळवितो की, आत मी आहे.

१. प्रथम मी आत का, हे सांगणे भाग आहे. दिवाळी झाली की आमच्या गावातील निम्मी घरे कुलूप लावून ऊसतोडीला जातात. बैल नेतात, कोंबड्या नेतात, शेळी पाहुण्याकडे ठेवतात. मांजर मात्र घराचे समजतात, माणसांचे नाही. म्हणून ते कुलपाबाहेर राहते. इतर वर्षी शेजाऱ्यांच्या खरकट्यावर त्याचे भागते. यंदा खरकटे पडावे असे कोणाच्या ताटात उरत नाही, आणि कणग्यांतले उंदीर चारा छावणीकडे गेले. छावणीत पेंड असते. छावणीत कुत्रीही असतात, त्यामुळे मांजरांस तिकडे जाता येत नाही. ती बंद दारांसमोर बसून राहिली. दुष्काळ आढाव्यात मोठी जनावरे व लहान जनावरे असे दोन रकाने आहेत. मांजर त्या दोहोंत बसत नाही.

२. हे पाहून मी, माझी पत्नी केशरबाई व अंगणवाडीच्या निवृत्त मदतनीस मंजुळाबाई अशा तिघांनी मांजर सांभाळ गट स्थापन केला. सोसायटीचे गोदाम खत संपल्यापासून पडून होते. सोसायटी गुंडाळण्यास नेमलेल्या अवसायकांकडे अर्ज करून मी ते मांजरांसाठी वापरण्याची लेखी परवानगी घेतली. त्या कागदावर सही आहे, शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. ज्या माणसाने चौतीस वर्षे नोकरीत लेखापरीक्षकाचा एक शेरा ओढवून घेतला नाही, तो मांजरे तोंडी परवानगीवर ठेवील असे आपणांस वाटू नये.

३. मांजरांना घरे मिळवून देणे हे काम वाटते तितके सोपे नाही. आमच्याकडे लोक नको असलेले मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडतात. पाणी ओलांडले की ते परत येत नाही असा अनुभव आहे. गटाने त्याच हिशेबाने पलीकडच्या गावांत मांजरे दिली. यंदा नदीत पाणीच नाही. सिरसाळ्याच्या एका भुसार व्यापाऱ्याने कौतुकाने नेलेला बोका आठवड्याच्या आत वाळूतून चालत परत आला. व्यापाऱ्याने निरोप धाडला, "तात्या, तुमचा बोका पोचला का? न्हाई म्हंजी, लई मानी हाय."

४. दुसरी अडचण पिल्लांची. मांजरीने पिल्लांस सात घरे दाखवावीत असा आमच्या भागातील समज आहे. सात घरे झाल्याशिवाय पिल्लू कोणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. हा समज खरा की खोटा या वादात गट पडत नाही. गटाला पिल्ले द्यायची आहेत, वाद जिंकायचा नाही. मात्र घरे बंद असल्याने मांजरीने सात घरे आणावीत कोठून? म्हणून आम्ही गोदामातच सात कोपरे केले. एकात खताचे रिकामे पोते, एकात मोडक्या काट्याचे पारडे, एकात दार नसलेले कपाट, याप्रमाणे. मंजुळाबाई प्रत्येक पिल्लाबरोबर घेणाऱ्यास तोंडी हमी देतात, "सातीच्या साती घरं फिरलंय, मी डोळ्यानं बघितलंय." त्या अंगणवाडीत होत्या. त्यांचे म्हणणे लोक मानतात.

५. आता शुक्रवार. चिंधी नावाच्या मांजरीची सहा घरे पूर्ण होती. दुपारी तिने सातव्या घराकडे, म्हणजे माझ्या पाठीमागच्या कपाटाकडे, पिल्ले हलवण्यास आरंभ केला. दोन ठेवली, तिसरे तोंडात होते. अशा वेळी माणसाचा आवाज झाला की मांजर पिल्लू टाकते किंवा घेऊन बाहेर पळते. बाहेर छावणीचा रस्ता आहे, आणि कुत्र्यांचे मी वर सांगितलेच आहे. मी रिकाम्या पोत्यांच्या थप्पीआड श्वास धरून बसलो. नेमके त्याच क्षणी अवसायकांचे वसुली कर्मचारी श्री. पंडित हे सोसायटीची मालमत्ता सील करण्यासाठी कोतवाल धुळाजी व पंचांसह दारात आले. शनिवारी दुसऱ्या शनिवारची सुट्टी असल्याने त्यांना घाई होती. त्यांनी उन्हात उभे राहून अंधारात हाक मारली, "आत कोणी हाय का? असंल तर ओ द्या!" तीन वेळा मारली, हे मी त्यांच्या बाजूने प्रामाणिकपणे नमूद करतो. मी ओ दिली नाही. हात वर केला होता. तो पंचनाम्यात येऊ शकला नाही.

६. चिंधीने तिसरे पिल्लू ठेवले तेव्हा बाहेर लाखेचा वास येत होता. मी दार वाजविले.  मग धुळाजीचा आवाज आला, "पंडितराव, आत कोणतरी हाय की." पंडित म्हणाले, "मांजर हाय." धुळाजी म्हणाला, "मांजर दाराला थाप मारतंय व्हय?" पंडित म्हणाले, "पंचांच्या सह्या झाल्यात." एवढे बोलून मंडळी निघून गेली. कोणी वळूनही पाहिले नाही, कारण वळून पाहिले असते तर पाहिले असे झाले असते.

७. तेव्हापासून सील कोणी काढीत नाही. गावातील राधाकिशन यांनी पूर्वी दूध संस्थेच्या कपाटाचे सील आतली पिशवी काढण्यासाठी तोडले होते. ते अद्याप तारखांना जातात. पोलीस पाटील म्हणतात, सील सहकाराचे आहे. तहसीलात विचारले तर सहकाराकडे जा म्हणतात. शुक्रवारीच आपल्या कार्यालयात फोन लावला असता साहेब दुष्काळ आढावा बैठकीस गेल्याचे कळले. रात्रीपर्यंत लावला, बैठक चालूच होती. मागच्या भिंतीस गजाची एक खिडकी आहे. तिच्यातून भाकरी, तांब्या व हा कागद येतो-जातो. मांजरेही येतात-जातात. त्यांच्यापैकी कोणीही अडकलेले नाही. गज वाकवण्याची धुळाजीने तयारी दाखविली होती, परंतु गज जप्त मालमत्तेचा भाग आहेत, असे मीच त्यास समजावून सांगितले व मग बराच वेळ स्वतःच्या तोंडाचा राग केला. नैसर्गिक विधीबाबत अर्जात लिहिणे शोभत नाही. राखेच्या पाटीचा उपयोग मांजरांकडून शिकलो, इतकेच.

८. श्री. पंडित हे दररोज खिडकीशी येतात. माझ्याशी बोलत नाहीत, कारण माझ्याशी बोलले तर मी आहे असे होते. ते मांजरांशी बोलतात. "चिंधे, तात्याला म्हणावं, मी रात्री पत्र्यावरून आत उतरलो, अशी एक सही करा. म्हणावं, लगीच उघडतो. म्हणावं, पंडितची पोरं लहान हायती." मीही चिंधीमार्फतच उत्तर दिले, की ज्या माणसाला नळावरची पायरी चढताना केशरबाईंचा हात लागतो, तो पत्र्यावर कसा चढला, हेही पंडितांनी लिहून द्यावे. यावर ते म्हणाले, "चिंधे, तात्या पहिल्यापासून लई किचकट हायती." साहेब, पंडितांना पंचनामा लिहिण्यास मीच शिकविले. आधी पाहा, मग लिहा, असे शिकविले होते. त्यांनी लिहिणे तेवढे उत्तम आत्मसात केले.

९. माझी कोंडी आपण लक्षात घ्यावी. पंडित म्हणतात तशी सही केली, तर सील केलेल्या गोदामात चोरून शिरलेला सेवानिवृत्त गटसचिव असा मी ठरतो. त्याच दिवशी मांजरांची परवानगी रद्द होईल, आणि ती पुन्हा बंद दारांसमोर जाऊन बसतील. सही केली नाही आणि पंचनामा खोटा आहे असे वर लिहून कळविले, तर पंडित निलंबित होतील. त्यांची पोरे खरोखरच लहान आहेत. धाकटी आमच्याकडून मांजर घेऊन गेलेली आहे.

१०. तिसरा मार्ग मी नियमांत शोधला. मांजरे पंचनाम्यात नजरचुकीने राहिली असे पुरवणीत दाखवून मला त्यांचा सुपूर्तदार, म्हणजे ताबा सांभाळणारा, नेमावे, म्हणजे मी अडकलेला नसून कामावर आहे असे होईल. हे सुचल्यावर मला स्वतःचा अभिमान वाटला. मग पुढचे सुचले. सुपूर्त केलेला जिन्नस जप्त असतो, जप्त जिन्नस कोणास देता येत नाही, त्याचा लिलाव होतो. चिंधीचा लिलाव पुकारण्यास मी मदत करू शकत नाही. सबब हा मार्ग मीच नामंजूर केला आहे.

११. दरम्यान गटाचे काम मात्र जोरात आहे. मी मोकळा असताना मांजर घ्या म्हणून दारोदार फिरलो, तेव्हा "हितं माणसालाच पाणी न्हाई, मांजर कामून घ्यावं?" म्हणणारे लोक आता कोंडलेला माणूस पाहण्यास आसपासच्या गावांतून येतात. नुसते पाहून जाणे बरे दिसत नाही, म्हणून जाताना एक मांजर घेतात. मंजुळाबाई खिडकीबाहेर पोते अंथरून बसतात व पाणी पाजता का, कुत्रे आहे का, ऊसतोडीला जाता का, असे तिन्ही प्रश्न विचारल्याशिवाय मांजर हातात देत नाहीत. एकाने विचारले, "आणि आतल्या म्हाताऱ्याला कोण नेणार?" मंजुळाबाई म्हणाल्या, "त्याचं घर हाय, दार न्हाई." लोक हसले. मीही हसलो. पण आतून हसण्याचा आवाज फार मोठा येतो, साहेब. त्यानंतर मी हसलेलो नाही.

१२. काल रविवारी पंडितांनी चिंधीस एक नवीन गोष्ट सांगितली. पंचनामा "हाक मारली, ओ आली नाही" यावर उभा आहे. पुन्हा रीतसर हाक मारली आणि ओ आली, तर शुक्रवारचे शुक्रवारी खरे राहते आणि आजचे आज खरे होते. मात्र हाक मारायला ते स्वतः धजत नाहीत. त्यांना तसा आदेश नाही. मंजुळाबाईंनी माझे नाव घेऊन हाक मारली, मी ओ दिली. परंतु त्या गटाच्या सदस्य, हितसंबंधी ठरतात. पंच हाक मारीत नाहीत, कारण त्यांनी आधी सह्या केल्या आहेत. शेवटी केशरबाई पुढे झाल्या.

१३. केशरबाई पहिल्या दिवशी चिडलेल्या होत्या. "घरी असता तवा हाक मारली की सोसायटीत, सोसायटीत बघितलं की पारावर. आता बरंय, जिथं ठिवलं तिथं घावता." दुसऱ्या दिवशी त्या नुसते भाकरीचे तुकडे करून गजातून देत राहिल्या. काल त्यांनी पदर सावरून, पंडित व धुळाजी यांच्यादेखत, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली : "अवोऽऽ!" मी तत्काळ ओ दिली. पंडितांनी डोक्याला हात लावला. "काकू, अवो म्हंजी कोण, हे कागदावर कसं घ्यावं? नाव घ्या." त्या सदस्य असूनही नाव घेतल्यास पत्नी म्हणून ओळख पटविता येईल, इतपत ते नमले होते. केशरबाईंनी लग्नापासून माझे नाव घेतलेले नाही. सभा झाल्या, भाषणे झाली, पोरींनी समजावले, तरी घेतलेले नाही. त्यांनी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मी आतून म्हणालो, "घे गं, काही होत नाही." त्या म्हणाल्या, "तुमी गप बसा. तवा बोलायचं तर बोलला न्हाईत, आता शिकवायला लागलात." मग गजाला कपाळ टेकून त्या रडू लागल्या. लग्नानंतर त्यांना रडताना मी फार थोड्या वेळा पाहिले आहे, आणि दरवेळी मला उठून जवळ जाता आले होते. काल मी गजापर्यंत गेलो. गजात माझे मनगट जाते, दंड जात नाही.

१४. तरी आपणांस कळकळीची विनंती की, आढावा बैठक संपताच आपण जातीने यावे. पंचनामा चुकीचा ठरवू नये, पंडितांस काही विचारू नये, मांजरांची परवानगी आहे तशी चालू ठेवावी. सील आपल्या आदेशाचे आहे, त्यामुळे हाक मारण्याचा अधिकार निर्विवाद आपला आहे. दारासमोर उभे राहून माझ्या पूर्ण नावाने एकदाच हाक मारावी. मी ओ देईन, त्याची नोंद घ्यावी, व दार उघडावे. केशरबाई तेथे असतील. त्यांना जरा पुढे उभे राहू द्यावे.

हाक मात्र फार मोठ्याने मारू नये. चिंधीच्या पिल्लांनी आज सकाळीच डोळे उघडले आहेत.

आपल्या हाकेच्या प्रतीक्षेत,
कागदोपत्री अनुपस्थित,

(सही)
आश्रुबा मारुती सरवदे
खत गोदाम, मौजे बोरखडवाडी
दि. ११ फेब्रुवारी २०१३

सोबत :
१. गोदाम वापरण्याच्या परवानगीची प्रत. (मूळ कागद अर्जदाराजवळ आत आहे.)
२. अर्जदार आत असल्याबाबत मंजुळाबाईंचा जबाब, अंगठ्यासह. त्यांना सही येते. घाईत शाईचा पेन खिडकीतून आत पडला.