गाडी माझ्या नावावर

१२ जाने.
एक्स्चेंजचं फिसकटलं. नव्या गाडीचा रंगसुद्धा ठरला होता, पांढरा. शोरूमच्या माणसानं आपली गाडी खालून-वरून पाहिली, कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि महेशला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. मला बाहेर चहा. काचेतून नुसती नवऱ्याची पाठ दिसत होती. बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला. "चल." बस्स, एवढंच. गाडी इतकी हळू चालवली की मागचे रिक्षावाले हॉर्न मारून मारून बेजार.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर बोलला. आपली गाडी आपल्याकडं यायच्या आधी मोठ्या अपघातात गेलेली. इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस म्हणून भंगारात काढलेली. मग कुणीतरी परत उभी केली. पुढचा अर्धा भाग दुसऱ्याच गाडीचा, मधून वेल्डिंग, वरून रंग.
"कुणीतरी म्हणजे?"
महेश तिळगुळाचा डबा बंद करायला लागला.
गाडी दिली लातूरच्या अण्णांनी. महेशचे थोरले चुलतभाऊ, जुन्या गाड्यांचा धंदा. हौसेनं माझ्या नावावर करून दिली, नारळही त्यांनीच फोडला.
"अपघातात आत कोण होतं?"
"मला काय माहीत."
श्रेयाला सांगायचं नाही असं ठरलं. लेक अण्णांच्याच घरी राहून मेडिकलची तयारी करतेय, दुसरा प्रयत्न. तिचं डोकं शांत राहू दे.

१७ जाने.
गॅरेजवाल्याला एअरबॅग बघायला लावली. स्टिअरिंगवरचं झाकण सहज निघालं, नुसतं चिकटवलेलं. आत फोम. गादीतला असतो तसा, पिवळा, मापात कापून बसवलेला. डाव्या बाजूला उघडलं, तिथंही तेच.
डावी बाजू श्रेयाची. प्रत्येक सुट्टीत लातूर ते नांदेड पाय वर घेऊन तिथं झोपायची.
महेश रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मी त्या फोमला हात लावून बघितला. का, माहीत नाही.

१९ जाने.
दवाखान्यात मानेचे व्यायाम शिकवत होते. पेशंट अर्धापूरजवळच्या अपघातातला. म्हणाला, "मॅडम, एअरबॅग उघडली म्हणून तुमच्या पुढं बसलो बघा." मी "मान डावीकडं करा" म्हणलं.
घरी येताना एकदम आठवलं. अण्णा आपल्या गाडीत कधीच बसले नाहीत. उदगीरच्या लग्नाला जागा होती, तरी रेल्वेनं आले. "मला गाडी लागती" म्हणाले होते. गाड्यांचा धंदा करणारा माणूस! तेव्हा आम्ही हसलो होतो.

२१ जाने.
दोघं बसनं लातूर. अण्णांची पूजा नुकतीच झालेली, कपाळावर विभूतीचे पट्टे ओले.
"बसनं काऊन आलात? गाडी असून?"
महेश फरशीकडं बघतोय. मग मीच विचारलं, सरळ. गाडी भंगारातली होती, तुम्हाला माहीत होतं का?
चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. हसले. "धंद्यात समद्या गाड्या असल्याच असत्यात, वैशाली. चालली ना? कुणाला काय झालं का?"
"झालं असतं म्हणजे?"
"हळू बोल. श्रेया वर अभ्यास करून राहिलीय." मग महेशकडं वळून, "घरची लेक म्हणून ठेवलंय तिला. हाव का न्हाई?"
महेश "हाव" म्हणाला. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.
निघताना स्वयंपाकघरात अक्कांनी, अण्णांच्या बायकोनं, शेंगाची चटणी बांधून दिली. गाठ मारता मारता, वर न बघता म्हणाल्या, "तू विचारू नको बाई. मीबी न्हाई विचारत."

२८ जाने.
कामावरून आले तर दारातली जागा मोकळी. महेश गाडी लातूरला देऊन आला. मला न विचारता. अण्णांनी गिऱ्हाईक बघितलंय, रेणापूरकडचा कुणी गणेश. शाळेच्या पोरांची ने-आण करणार. राहिली ती फक्त माझी सही.
"पोरांची?"
"श्रेयाची परीक्षा होऊ दे. मग बघू."
"त्या पोरांच्या पुढं पण फोमच ना?"
ताटावरून उठून गेला. कागद टीव्हीखाली पडलेत. सही केली नाही. करणार नाही.

३१ जाने.
गणेशचाच फोन. आवाज तरुण, अदबीचा. "ताई, गाडी दारात आणून लावलीय, सहीचं तेवढं बघा. पोरांचे आईबाप खोळंबलेत."
मी सगळं सांगितलं. वेल्डिंग, फोम, सगळं. मग म्हणाला, "अण्णा म्हणलेच होते, तुम्ही असं कायतरी सांगताल म्हणून. भाव वाढवून पाहिजे म्हणून."
माझ्या आधीच अण्णा तिथं पोचले होते.
"माझं नका ऐकू. स्टिअरिंगवरचं झाकण काढून बघा. हातानं निघतं."
"बघतो," म्हणाला. विश्वास बसल्यासारखं वाटलं नाही.

२ फेब्रु.
गणेश. धापा टाकत. "ताई, खरं हाय तुमचं. गाडी आत्ताच अण्णांच्या दारात लावून आलो. चावी पायरीवर ठेवली. लई उपकार झाले बघा."
"काही म्हणाले का?"
"न्हाई. निसते बघत राहिले." मग, "ताई, तुमची पोरगी तिथंच ऱ्हाती न्हवं?"


३ फेब्रु.
अण्णांचा महेशला फोन. एकच वाक्य, "पोरीला घेऊन जा." संध्याकाळी महेश म्हणाला, तिचं वर्ष गेलं तर तुझ्यामुळं. मी म्हणलं, वर्षच जाऊ दे.
इथल्या क्लासला विचारून आले, वर्षाच्या मधेही घेतात. उद्या सकाळच्या बसनं जाऊन तिला आणते. गाडीचंही तिथं पोचल्यावरच सांगणार, समोर बसवून. फोनवर नको, घाबरेल.

४ फेब्रु.
चप्पल घालताना श्रेयाचा फोन. "आई, तू येऊ नकोस. अण्णांनी ड्रायव्हर दिलाय, सामान भरून झालं."
"गाडी कुठली?"
"आपलीच की! अण्णा म्हणाले, नीट करून घेतली."
"श्रेया, थांब, त्या गाडीत—"
मागून कुणीतरी हाक मारली. "निघाले गं," म्हणून ठेवला. परत लावला तर बंद. अण्णांना लावला. पहिल्या रिंगला उचलला, जसे वाटच बघत होते.
"निघाली पोरगी. पुढं बसलीय."
"अण्णा, गाडी थांबवा. पाया पडते तुमच्या."
"तुझ्याच नावावर हाय की," म्हणाले, आणि ठेवला.
महेशला सांगितलं तसा तो शेजाऱ्यांची मोटरसायकल घेऊन लातूर रोडला लागला, तिला वाटेत अडवायला. हेल्मेटसुद्धा घेतलं नाही. मी दारात बसलेय. हाताला काहीतरी पाहिजे म्हणून लिहितेय. श्रेयाचा फोन आता लागतोय. रिंग जातेय, ती उचलत नाही. झोपली असेल, पाय वर घेऊन.
परत लावतेय.