अकरा तास वीस मिनिटं

४ फेब्रुवारी, मंगळवार

जुळलं! सात वर्षांपूर्वी दात्यांच्या यादीत नाव नोंदवलं होतं, विसरूनही गेले होते. आज हॉस्पिटलमधल्या नर्सबाईंचा फोन. माझ्या रक्तातल्या मूळपेशी एका आजारी बाईशी जुळतात. दिल्या तर कदाचित वाचेल. कोण, कुठली, ते सांगायचं नाही असा नियम. फारच खोदून विचारलं तेव्हा एवढंच — "लांब आहे हो. विमानाने अकरा तास वीस मिनिटं."

ताईला सांगितलं. हातातलं ताट आपटलं तिने. "ओळख ना पाळख, आणि अंगातलं काढून द्यायचं? तुला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. तिचंही चूक नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

ताई बोलत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पेशी वाढवायचं पहिलं इंजेक्शन. मग शिवणाच्या दुकानात, कामावर. मास्तरांना सगळं सांगितलं. कात्री खाली ठेवली त्यांनी. "अकरा तास वीस मिनिटं? नऊ हजार किलोमीटर धर." भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला टेप लावली. चार दिशांना चार शहरं निघाली! "आता माप कुणाचं घ्यायचं, सांग."

कॉलरी शिवता शिवता चारही शहरांत जाऊन आले. एकात बर्फ पडत होतं. एकात रस्ता थेट समुद्रात उतरत होता. दोन शर्टांना कॉलरी उलट्या लागल्या!

८ फेब्रुवारी, शनिवार

हाडं ठणकतायत. पेशी वाढतायत, ठणकणारच म्हणे. डोळे मिटले की ती दिसते — खिडकीशी, पाठमोरी. हाक मारावी तर नाव ठाऊक नाही.

ताईने गरम पाण्याची पिशवी आणून ठेवली.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पाच तास यंत्राला जोडलेली. एका हातातून रक्त बाहेर, दुसऱ्यातून परत आत. शेवटी भरली ती पिशवी तळहाताएवढी. एवढीशी!

न्यायला आलेला माणूस पिकल्या केसांचा. निळी पेटी. "मांडीवरून खाली ठेवत नाही मी. जेवतानासुद्धा."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर डोळा लागत नाही." दारात थांबून म्हणाला, "चारचं विमान. सूर्याच्या मागे मागे जायचं. संध्याकाळ संपता संपत नाही बघा."

म्हणजे पश्चिमेला! चारांतलं एकच शहर उरलं.

साडेसहाला इथे दिवे लागले. तिकडे वर पेटीवर अजून तांबूस ऊन असेल. माझ्यातलं काहीतरी ढगांवरून चाललंय आणि मी इथे जिन्यात बसून चहा पितेय. पाय जमिनीला लागत नव्हते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पोचली. "उतरल्या उतरल्या चढवली," नर्सबाई म्हणाल्या. आणि मी इकडे ढाराढूर!

५ मार्च, बुधवार

अजून काही कळत नाही. ताई विचारत नाही. पण फोन वाजला की गॅस बारीक करते.

१९ जून, गुरुवार

पेशी रुजल्या! ती घरी गेली. आणि तिचा रक्तगट बदललाय — आता माझा आहे, नर्सबाई म्हणाल्या.

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"म्हणजे आपल्या आईचा."

"हो."

"नाव काय गं तिचं?"

"सांगत नाहीत."

"मग आपणच ठेवू की."