झेंडीवाला एक

३ तारीख, सोमवार
रुजू झाले! देशाचा पहिला नकाशा करणाऱ्या मोजणीदारांचं हे स्मारक, आणि इथल्या नोंदी ठेवणारी मी. घरातली पहिली पदवीधर, म्हणून बाबांनी गल्लीभर सांगून ठेवलंय की आता देश आमची पोरगीच मोजणार. वरच्या खोलीच्या खिडकीत मोजणीची जुनी दुर्बीण आहे, समोर टेकडी. राखणदार मामा म्हणाले, बाई, सगळं पुसा, तिला तेवढं सोडा. तिच्यातून माणसं उलटी दिसतात आणि शिकलेल्यांना तेवढंच खरं वाटतं. खूप हसले.

५ तारीख
स्मारकाच्या दगडावर एकोणीस साहेबांची नावं आहेत. मोजणीवहीतली शेवटची ओळ मात्र अशी : ‘टेकडीवर झेंडीवाला एक.’ नाव नाही. त्यानं खुणेची काठी सरळ धरून उभं राहायचं, पडू द्यायची नाही. खिडकीतून झेंडी दोनदा खाली झाली की उतरायचं. मामा सांगतात, मोजणीच्या शेवटच्या दिवशी धुकं दाटलं, साहेब सामान आवरून गेले. झेंडी कुणी दाखवलीच नाही.
त्याचं नाव शोधून दगडावर कोरून घेणार. नाहीतर शिकून उपयोग काय?

६ तारीख
भर दुपारी दुर्बिणीला डोळा लावला. टेकडीवर माणूस. उलटा. काठी धरलेला, तोंड आमच्या खिडकीकडे. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर टेकडी रिकामी.
मामांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, माझ्या वडिलांनाही दिसायचा. खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

७ तारीख
तो अजून वाट पाहतोय. आपल्याच खिडकीतल्या झेंडीची.
खालच्या कपाटातली जुनी झेंडी पिशवीत घेतली. टेकडीवर जाऊन त्याला समोरच दाखवते.

७, टेकडी
कुणी नाही. फक्त काठी, आधाराशिवाय उभी. झेंडी दोनदा खाली केली. अगदी शेजारी कुणीतरी लांब श्वास सोडला. काठी कलली — मी पटकन सावरली —

हात सुटत नाही. डाव्या हातानं लिहितेय. स्वतःच झेंडी हलवून पाहिली. नाही. समोरच्यानंच दाखवायची —

धुकं. किती वेळ? तहान लागत नाही. आई वाट बघत —

निवळलं. खिडकी उघडी. दुर्बिणीची काच चमकली. मामा! मी उलटी दिसत असेन. इतक्या लांबून त्यांचा चेहरा मला कसा — रडतायत. कपाटं उपसतायत. झेंडी शोधतायत — मामा, ती माझ्या पिशवीत